फेरारी एफ-४० की पोर्शे ९५९: मी कोणती निवडेन आणि का

तुम्ही लिहिलंय की फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या टीमांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधताना तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, फेरारी एफ-४० बघा, त्यांनी नको ते सगळं काढून टाकलं, आपणही आधी वजन उतरवू. दुसरा गट म्हणतो, पोर्शे ९५९ बघा, त्यांनी गाडीला डोकं दिलं, आपणही सेन्सर आणि कंट्रोल युनिटवर वेळ घालवू. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, या दोघींत सरस कोणती, आणि किल्ली हातात दिली तर तुम्ही कोणती घ्याल?

मी दक्षिण जर्मनीत ऐंशीच्या दशकातल्या टर्बो गाड्यांचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाड्यांचं, काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आहे. दोन्ही गाड्या लिफ्टवर घेतल्या आहेत, दोन्ही चालवल्या आहेत, त्यामुळे माझं मत आहे आणि ते सांगतोही. पण ‘सरस’ हा शब्द आधी सोडवून घ्यायला हवा. नोव्हेंबरच्या पावसात आल्प्सचा घाट उतरायचा असेल तर उत्तर एक आहे, जूनमध्ये कोरड्या ट्रॅकवर वीस मिनिटं गाडी पिळायची असेल तर दुसरं. विकत घेऊन पंधरा वर्षं सांभाळायची असेल तर मालकाच्या खिशापेक्षा जवळपास कोण कारागीर आहे यावर जास्त अवलंबून आहे. आणि चालवणारा कोण, हा सगळ्यात मोठा मुद्दा. तुमच्या टीमचा खरा वाद मला असा दिसतो: गाडीची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचवायचं काम यंत्रणेवर सोपवायचं की ड्रायव्हरवर? तो धागा धरून बोलू.

सुरुवात दोघींच्या जन्मापासून करावी लागेल, कारण त्या एकाच नियमपुस्तिकेतून निघाल्या आहेत. ग्रुप बी नावाच्या रेसिंगच्या वर्गात उतरायचं तर किमान २०० गाड्या बनवणं बंधनकारक होतं. टर्बो इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून धरायची, असाही नियम होता. आता वही घ्या आणि गुणाकार करा. ९५९ चं इंजिन २,८४९ सीसी. गुणिले १.४ म्हणजे ३,९८९ च्या आसपास, म्हणजे वर्गाच्या ४,००० सीसीच्या मर्यादेत जेमतेम बसवलेलं. फेरारीची १९८४ ची २८८ जीटीओ २,८५५ सीसी, गुणाकार ३,९९७. तीही तिथेच बसवलेली. एफ-४० मात्र २,९३६ सीसी, गुणाकार ४,११० च्या वर जातो. या एका आकड्यात तिचा सगळा इतिहास आहे. १९८६ मध्ये रॅलीतले भीषण अपघात झाले, ग्रुप बी गुंडाळला गेला, २८८ जीटीओची रेसिंगसाठी तयार केलेली इव्होलुझिओने ही आवृत्ती बेकार झाली, आणि मारानेल्लोच्या, म्हणजे फेरारीच्या कारखान्यातल्या, लोकांनी तिचाच धागा पकडून रस्त्यावरची गाडी बांधली. तोवर त्यांना नियमांचं ओझं उरलेलं नव्हतं.

पोर्शेचा रस्ता लांबचा होता. १९८३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात त्यांनी ‘ग्रुप बी’ नावाचा नमुना ठेवला आणि ग्राहकांच्या हातात गाड्या पडल्या त्या १९८७ मध्ये. मधली वर्षं पोर्शेचे संशोधनप्रमुख हेल्मुट बॉट यांच्या माणसांनी फोर-व्हील ड्राइव्ह, टर्बो आणि सस्पेन्शन एकमेकांशी जुळवण्यात घालवली. एफ-४० चा निर्णय १९८६ च्या मध्यात झाला आणि २१ जुलै १९८७ ला गाडी मारानेल्लोत लोकांसमोर उभी होती. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांनी आपल्या हयातीत मंजूर केलेली ती शेवटची गाडी. १४ ऑगस्ट १९८८ ला ते गेले. म्हणजे एका गाडीमागे सुमारे चार वर्षांची चाचणी आहे, दुसरीमागे जेमतेम वर्षभराची घाई आणि एका म्हाताऱ्या मालकाची जिद्द. दोन्ही गोष्टी गाडीला हात लावला की जाणवतात.

आता आकडे. इंटरनेटवर जो तक्ता सगळीकडे फिरतो त्यात एफ-४० चं वजन १,१०० किलो आणि ९५९ चं १,४५० किलो दिलेलं असतं आणि लोक ३५० किलोंचा फरक धरून चालतात. तसं करू नका. फेरारीचा आकडा कोरड्या गाडीचा आहे, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीही न धरता. पोर्शेचा आकडा रस्त्यावर जायला तयार असलेल्या गाडीचा आहे. सगळं भरून तराजूवर चढवली की एफ-४० साधारण १,२५० च्या घरात जाते. फरक उरतो २०० किलोंचा. तोही मोठाच आहे, पण ३५० नाही. पॉवर म्हणाल तर फेरारी ४७८ हॉर्सपॉवर, पोर्शे ४५०. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ५७७ विरुद्ध ५०० न्यूटन मीटर. कंपनीच्या दाव्यानुसार टॉप स्पीड ताशी ३२४ आणि ३१५ किलोमीटर. कागदावर सगळीकडे फेरारी पुढे आहे, आणि तरीही ओल्या रस्त्यावर मी कुणालाही ९५९ चीच किल्ली देईन. कारण हे आकडे कमाल किती ते सांगतात. ती ताकद कधी आणि कशी हाती लागते हे त्यांतून कळत नाही.

ते कळायला टर्बो बघावे लागतात. माझ्या मते या दोन गाड्यांमधला सगळ्यात शिकण्यासारखा फरक इथे आहे.

एफ-४० ला दोन आयएचआय टर्बो आहेत, व्ही-८ च्या प्रत्येक बाजूला एक. दोन्ही सारखे, दोन्ही एकाच वेळी काम करणारे. कमी आरपीएमला एक्झॉस्टचा जोर दोघांत वाटला जातो आणि दोघेही अर्धपोटी राहतात. साडेतीन हजारांच्या खाली गाडी चक्क सुस्त वाटते, क्लच जड, स्टिअरिंग जड, आणि नवख्याला वाटतं एवढंच का नाव आहे हिचं. मग काटा चार हजारांकडे सरकतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, १.१ बारकडे चढतो, आणि मागची ३३५ मिलिमीटर रुंदीची चाकं रस्ता धरतात की सोडतात हे त्या क्षणी तुमचा पाय कुठे आहे यावर ठरतं. चाक घसरलं की ताकद आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही, ब्रेकला बूस्टर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. वळणाच्या मध्यावर बूस्ट आला तर तो सांभाळायचा तुम्हीच. म्हणून एफ-४० चांगली चालवणारा माणूस वळणाच्या आधीच आरपीएम वर ठेवतो आणि बूस्ट कुठे येईल याचा हिशेब करून पेडल दाबतो. शिकल्यावर यासारखा आनंद नाही, हे मी मनापासून सांगतो. पण शिकावं लागतं.

पोर्शेने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथेही टर्बो दोनच, पण ते पाळीने काम करतात. कमी आरपीएमला सहाही सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच टर्बोकडे वळवलेला असतो. सगळा जोर एकालाच मिळाल्यामुळे तो लवकर फिरायला लागतो. आरपीएम चार हजारांच्या पुढे गेला की झडपा उघडतात आणि दुसरा त्याच्या जोडीला येतो. त्यामुळे ताकद एकदम कोसळत नाही, चढत जाते. यासाठी किती पाइप, किती झडपा, किती व्हॅक्युमच्या नळ्या लागल्या हे पाहायचं असेल तर ९५९ चं मागचं झाकण उघडून बघा. इंजिन दिसतच नाही, नुसतं प्लंबिंग दिसतं. याच इंजिनात हवेने थंड होणारे सिलिंडर आणि पाण्याने थंड होणारी हेड्स (सिलिंडरवरची झाकणं) अशी दुहेरी सोय आहे, कारण प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह म्हटल्यावर तिथली उष्णता नुसत्या पंख्याने आवरणं कठीण होतं.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज तुमच्याही प्रश्नात डोकावतो, की ती बर्फासाठी होती. ९५९ मध्ये पुढच्या एक्सलपाशी तेलात बुडालेला मल्टिप्लेट, म्हणजे अनेक चकत्यांचा, क्लच आहे आणि कंट्रोल युनिट त्यावरचा हायड्रॉलिक दाब सतत बदलत राहतं. साधारण स्थितीत ४० टक्के टॉर्क पुढे, ६० टक्के मागे. तुम्ही जोरात पेडल दाबलं की वजन मागे सरकतं, तेव्हा ८० टक्क्यांपर्यंत मागे. म्हणजे ज्या चाकावर भार जास्त त्याला काम जास्त, हे आज आपल्याला साधं वाटतं, पण १९८० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर त्यांनी ते करून दाखवलं. आणि नुसतं प्रयोगशाळेत नव्हे. १९८६ च्या पॅरिस-डकार रॅलीत रेने मेत्झ पहिला आला, जॅकी इक्स दुसरा, आणि तिसरी ९५९ सहावी. ती तिसरी गाडी चालवत होते पोर्शेचे इंजिनिअर रोलँड कुसमाऊल, आणि तिचं मूळ काम पुढच्या दोघींसाठी सुटे भाग वाहून नेण्याचं होतं. आदल्या वर्षी पोर्शेच्या तिन्ही गाड्या वाटेतच बाद झाल्या होत्या. यंत्रणा गुंतागुंतीची असली तरी ती टिकवता येते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता एफ-४० कडे जवळून बघू, कारण ‘नको ते काढलं’ एवढ्याने तिची मांडणी कळत नाही. दार उघडायचं तर आतल्या बाजूला हँडल नाही, एक दोरीसारखी केबल आहे, ती ओढायची. गालिचा नाही, रेडिओ नाही. सुरुवातीच्या गाड्यांना काचाही वर-खाली होणाऱ्या नव्हत्या, सरकवायच्या होत्या. डॅशबोर्डखाली वाकून बघितलं तर पॅनेल जिथे चिकटवलेत तिथे हिरवट गोंदाची कड तशीच दिसते, कुणी ती घासून झाकायला गेलेलं नाही. सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, त्याला केव्हलार आणि कार्बन फायबर या हलक्या, मजबूत तंतूंच्या विणलेल्या कापडाची पॅनेल्स चिकटवून घट्टपणा वाढवलेला. एफ-४० चे इंजिनिअर निकोला मातेरात्सी यांच्या हाताखालच्या लोकांनी प्रत्येक ठिकाणी हाच हिशेब केला, की हा भाग वेगासाठी काय करतो? एअर कंडिशनर मात्र ठेवला, कारण ड्रायव्हरच्या पाठीमागे एवढी भट्टी असताना तो नसेल तर गाडी चालवणंच अशक्य होतं. म्हणजे वजन उतरवणं याचा अर्थ दिसेल ते काढणं नव्हे.

रंगाचंही सांगतो, कारण खरेदीपूर्वी तपासणीला आलेल्या एफ-४० मध्ये मी सगळ्यात आधी तेच बघतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचा थर इतका पातळ असतो की तिरप्या उन्हात लाल रंगाखालून कापडाची वीण दिसते. वीण कुठेच दिसत नसेल तर गाडी पुन्हा रंगवलेली असण्याची दाट शक्यता, आणि मग प्रश्न येतो की का रंगवली. स्टीलच्या गाडीवर आपण रंगाची जाडी मोजायला जे चुंबकी मीटर लावतो ते इथे चालत नाही, खाली धातूच नाही. टॉर्चचा उजेड टाकून, डोळ्यांनी आणि बोटांनी बघावं लागतं. पॅनेलवर बोटाने टकटक करत गेलं की जिथे थर सुटलाय किंवा दुरुस्ती झालीय तिथे आवाज बदलतो.

९५९ मध्ये मी तसाच वेळ चाकांवर घालवतो. मॅग्नेशियमची रिम, आरे आतून पोकळ, आणि हवा त्या पोकळीतही भरलेली. टायरमधल्या दाबावर लक्ष ठेवणारे सेन्सर १९८७ मध्ये या गाडीत होते. टायरही खास, त्याची कड रिमच्या खाचेत अडकून बसते, म्हणजे हवा गेली तरी ३०० च्या वेगात टायर सुटून जाऊ नये. रिमला बारीक तडा असेल तर ती गोष्ट नुसत्या नजरेला दिसत नाही, हवा हळूहळू उतरते तेव्हा कळते.

सांभाळण्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. एफ-४० मध्ये काय संपणार आहे हे आधीच माहीत असतं. पेट्रोलच्या दोन टाक्या रबरी पिशव्यांच्या आहेत, त्यांना वयोमर्यादा असते आणि ती उलटली की त्या बदलायच्याच, गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी. टायमिंग बेल्टचंही तसंच. खर्च मोठा, पण तो ठरलेला. ९५९ मध्ये बिघाड शोधण्यातच वेळ जातो. गाडी एका बाजूला खाली बसली तर दोष उंची बदलणाऱ्या हायड्रॉलिकचा, सेन्सरचा की वायरिंगचा? तिथे पान्यापेक्षा वायरिंगचा नकाशा आणि संयम जास्त लागतो. इतक्या कमी गाड्या बनल्या आहेत की सुटा भाग शेल्फवर पडलेला सहसा मिळत नाही.

इथवर काय झालं ते एका वाक्यात बांधून घेतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. ९५९ ने ताकद हाताळण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि त्याची किंमत वजनात आणि गुंतागुंतीत मोजली. एफ-४० ने ते काम ड्रायव्हरवर सोडलं आणि वाचलेलं वजन वेगात घातलं.

मग तुम्ही विचारलेली कोड्यासारखी गोष्ट: एफ-४० तेराशेच्या वर बनल्या, ९५९ तीनशेच्या आतबाहेर, तरी साध्या ९५९ पेक्षा एफ-४० महाग का? माझ्या मते यात ९५९ चा दोष नाही, उलट तिचं यश आहे. तिने जे शोधलं ते पोर्शेने नंतर सगळ्यांच्या हातात दिलं. १९९५ ची ९११ टर्बो घ्या, दोन टर्बो आणि फोर-व्हील ड्राइव्ह. आजची ९११ टर्बो पावसात चालवली की ९५९ ची आठवण येते, आणि ती शोरूममध्ये मिळते. एफ-४० सारखी गाडी मात्र आज मोठ्या कारखान्यातून निघू शकत नाही. एबीएस आणि स्थिरता नियंत्रण युरोपात सक्तीचं झालंय, एअरबॅगशिवाय गाडी कुठलाही मोठा कारखाना विकत नाही. जी गोष्ट पुन्हा होणार नाही तिला लोक जास्त पैसे मोजतात. बाजारभाव म्हणजे गुणपत्रिका नव्हे, हे लक्षात ठेवा. ९५९ ची किंमत ४,२०,००० मार्क होती आणि तेवढ्यातही पोर्शेला प्रत्येक गाडीमागे तोटाच झाला. त्यांनी ती रक्कम शिक्षणाची फी समजून भरली असं मला वाटतं.

आता माझी निवड. मी ९५९ घेईन. एफ-४० चालवताना छातीत जे होतं ते ९५९ मध्ये होत नाही, हे मान्य करूनही. माझं पोट इंजिनिअरिंगवर भरतं, आणि ९५९ मध्ये असा एकही भाग नाही ज्याच्याकडे बघून ‘हे त्यांना का सुचलं असेल’ असा विचार मला करावासा वाटत नाही. तुम्ही उत्तम ड्रायव्हर असाल आणि तुमच्याजवळ ट्रॅक असेल, तर तुम्ही एफ-४० घ्या, मी तुमच्याशी वाद घालणार नाही. (आपल्याकडे दोन्ही दिसण्याची आशा धरू नका. दोन्ही फक्त डाव्या स्टिअरिंगच्या आहेत, आणि जुनी गाडी आयात करताना उजवं स्टिअरिंग आणि तीन वर्षांच्या आतलं वय अशा अटी आहेत. युरोपात आलात तर मात्र स्टुटगार्टचं पोर्शे संग्रहालय आणि मारानेल्लोचं फेरारी संग्रहालय चुकवू नका.)

आणि तुमच्या टीमचा वाद. तुमच्या इंजिनाच्या श्वासावर नियमानेच २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारं तोंड, बसवलेला आहे, म्हणजे ताकदीला वरून झाकण आहे. ९५९ ची अडचण होती ती ४५० हॉर्सपॉवर रस्त्यावर उतरवण्याची, आणि ती तुम्हाला नाहीच. त्यामुळे वजन म्हणणारा गट इथे बरोबर आहे, आधी किलो उतरवा. पण दुसऱ्या गटाला घरी पाठवू नका. तुमचे ड्रायव्हर विद्यार्थी आहेत, वर्षातून मोजके तास गाडीत बसतात, आणि कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅकवर मांडलेल्या शंकूंमधून जाताना त्यांना अचानक येणाऱ्या ताकदीपेक्षा सलग चढणारी ताकद जास्त उपयोगी पडेल. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ट्रॅक्शन कंट्रोलच्या मागे न लावता थ्रॉटलचा प्रतिसाद आणि इंजिनाचं मॅपिंग (कधी किती पेट्रोल आणि ठिणगी द्यायची याचा तक्ता) यांवर बसवा. त्याला एक ग्रॅमही वजन लागत नाही.

एक काम मात्र उद्याच करा. गाडी पेट्रोल, कूलंट भरून, ड्रायव्हरला सीटवर बसवून चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून मोजा आणि चारही आकडे लिहून काढा. ते आकडे आणि इंजिनाचा टॉर्कचा आलेख पाठवलात तर कुठून किती उतरवता येईल ते नेमकं सांगू शकेन.